सगळ्या विषयांना खेळ लावा म्हणतात, पण उत्तरं त्याच चौघांची. काय करावं?

लष्करची_सून

नमस्कार मंडळी. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले आणि आता इथल्याच एका खासगी शाळेत सातवीला गणित आणि सामाजिक विज्ञान शिकवते. शाळा हिंदी माध्यमाची. संस्कृतचे सर सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, त्यामुळे तेही तास माझ्या गळ्यात.

यंदा वरून फर्मान निघालंय. प्रत्येक विषयात दर आठवड्याला एक 'गेम' झालाच पाहिजे, आणि त्याचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर पडला पाहिजे. माझं खेळांशी काही वाकडं नाही, उलट मला आवडतात. पण वर्गात चाळीस मुलं, बाक जमिनीला ठोकलेले, तास ३५ मिनिटांचा. प्रोजेक्टर एकाच खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके रजेवर. मुलांना फोन आणायची परवानगी नाही. नेटवर शोधावं तर जो तो प्रत्येक मुलाच्या हातात टॅब आहे असं धरूनच चालतो.

सध्या दोन गट पाडून प्रश्नमंजूषा घेते. वर्ग पेटतो, शेजारच्या वर्गाच्या मॅडम दारात येऊन उभ्या राहतात. पण उत्तरं देतात ती पुढच्या बाकावरची ठरलेली चौघं. बाकीचे टाळ्या पिटतात आणि 'हमारी टीम जीत गई' म्हणत घरी जातात. दुसऱ्या दिवशी ऋण संख्यांची वजाबाकी फळ्यावर लिहिली की सगळीकडे सामसूम. सासरे म्हणतात, "पाढे पाठ करून घे, खेळ काय, गल्लीत खेळतील."

तर खर्च नाही, बाक हलवायचे नाहीत आणि प्रत्येक मूल खेळेल, असं कुणी खरोखर वर्गात केलेलं काही आहे का? ऐकीव नको.

तानसेन_नगर

मुलांकडे फोन नसले तरी तुमच्याकडे आहे ना? मग प्लिकर्स नावाचं ॲप बघा. प्रत्येक मुलाला एक छापलेलं कार्ड द्यायचं, त्यावर चौकोनी ठिपक्यांची नक्षी असते. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. उत्तर 'ब' असेल तर 'ब'ची बाजू वर करून धरायचं. तुम्ही पुढे उभं राहून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचं काय उत्तर ते दिसतं. शेजाऱ्याचं बघून लिहिता येत नाही, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी. साधा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा.

कहूट वगैरे ऑनलाइन प्रश्नमंजूषांच्या मागे लागू नका. त्यात प्रत्येकाला यंत्र लागतं, आणि नेहमीच्या पद्धतीत जलद उत्तराला जास्त गुण मिळतात. म्हणजे पुन्हा तेच चौघं.

वरिष्ठांना कागद दाखवावा लागला तर एनसीईआरटीची २०२२ ची टॉय-बेस्ड पेडागॉजीची, म्हणजे खेळण्यांतून शिकवायची, हस्तपुस्तिका आहे. ती २०२० च्या शिक्षण धोरणातूनच आली, आणि तिच्यात देशी खेळ, कोडी, बाहुल्या सगळं चालतं. स्क्रीन पाहिजेच असं कुठे नाही.

मुरारची_मास्तरीण

ताई, फर्मान आणि फोटो बाजूला ठेवा. तुमचं खरं दुखणं ते चौघं आहेत.

प्रश्नमंजूषेत खेळ एकीकडे असतो आणि गणित दुसरीकडे. प्रश्न विचारला, उत्तर आलं, मग गटाला गुण मिळाला. गुण इथे नुसतं बक्षीस. त्याच्या जागी चॉकलेट ठेवलं तरी काही फरक पडत नाही. मी खेळ पारखताना एवढंच बघते की चाल करायची तर त्या विषयातला विचार करावाच लागतो का. लागत असेल तर तो खेळ माझ्या कामाचा. नसेल तर पावसाळी शनिवारी घ्यायला ठीक आहे.

तुमच्या ऋण संख्याच घ्या. व्हरांड्यात खडूने −१० पासून +१० पर्यंत रेघ आखायची. नियम दोन. बेरीज असेल तर तोंड मोठ्या संख्यांकडे, वजाबाकी असेल तर लहान संख्यांकडे. मग संख्या धन असेल तर पुढे चालायचं, ऋण असेल तर तोंड न वळवता उलट्या पावलांनी मागे. आता ३ − (−२) सांगा. मुलगा तीनवर उभा राहतो. वजाबाकी आहे, म्हणून शून्याकडे तोंड करतो. पुढे ऋण दोन, म्हणून दोन पावलं मागे जातो. खाली बघतो तर पाच. तिथे तो हमखास थबकतो आणि म्हणतो, "मैडम, घटाया था, ये तो बढ़ गया!" 'ऋण ऋण धन' असं घोकून घेताना हा प्रश्न कोणाच्या तोंडून येत नाही. तो आला की मी गप्प बसते, बाकीची मुलंच भांडून निकाल लावतात.

चालणारा एकच असला तरी बाकीचे मोकळे नसतात. त्याने पाऊल उचलायच्या आधी प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी धरायची. "दाखवा" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. पाट्या नसतील तर फायलीचं पारदर्शक प्लास्टिक घ्या, आत कोरा कागद, वरून मार्कर, पुसायला जुनं फडकं. शेवटच्या बाकावरचा मुलगा काय समजून बसलाय ते तुम्हाला एका नजरेत दिसतं, आणि त्याला सगळ्यांसमोर तोंड उघडावं लागत नाही. हे मला कोणत्याही ॲपपेक्षा उपयोगी पडलंय. (तानसेन नगरवाल्यांनी राग मानू नये.)

शून्यासाठी तर आपण नको इतके योग्य गावात राहतो, इथल्या किल्ल्यावर फार जुनं कोरलेलं शून्य आहे. आधी खेळ सांगते. वहीत पाच घरं आखायची. मी डब्यातून ० ते ९ मधली एकेक चिठ्ठी काढते. आलेला अंक पुढची चिठ्ठी निघायच्या आत कुठल्यातरी घरात लिहायचा, मग खोडायचा नाही. ज्याची संख्या सगळ्यात मोठी तो जिंकला. दुसऱ्या फेरीत सगळ्यात लहान संख्या करायची, आणि तिथे मजा येते. कोणीतरी हुशारीने शून्य पहिल्याच घरात टाकतो. मग वाद सुरू: ती संख्या पाच अंकी राहिली का?

त्यानंतर किल्ला. जुन्या ग्वाल्हेरच्या बाजूने पायी चढताना एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं, तिथला लेख संवत ९३३ चा, म्हणजे इसवी ८७६ चा. त्यात देवाच्या बागेची मापं आहेत, २७० हात आणि १८७ हात, आणि रोजच्या ५० माळांची सोय केल्याचं लिहिलंय. २७० आणि ५० मधली शून्यं तिथे अंकात कोरलेली दिसतात, बारीक वर्तुळं. मुलांना न्यायला जमलं तर उत्तम, नाहीतर फोटो चालतो. मग पैज लावायची: आपलं शाळेचं मैदान किती हात? आधी प्रत्येक रांगेने अंदाज फळ्यावर लिहायचा, मग कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या आपापल्या हाताने मोजायचं. प्रत्येक रांगेचं उत्तर वेगळं येतं. ते वेगळं का आलं हे मुलं स्वतःच सांगतात, आणि विज्ञानातला प्रमाणित एककांचा धडा निम्मा तिथेच होतो. २७० × १८७ करून बागेचं क्षेत्रफळ काढायला कुणाला ओरडावं लागत नाही.

सामाजिक विज्ञानात माझा आवडता खेळ तहाचा. सालबाईचा तह, १७ मे १७८२. सालबाई आपल्याच बाजूचं, डबऱ्याकडचं गाव. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध तिथे मिटलं हे इथल्या मुलांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. बाकांच्या चार रांगा म्हणजे चार पक्ष: पुण्याचा दरबार (म्हणजे नाना फडणवीस), महादजी शिंदे, ईस्ट इंडिया कंपनी आणि पेशवाईवर हक्क सांगणारा राघोबा. प्रत्येक रांगेला घडी घातलेली एक चिठ्ठी, दुसऱ्यांनी बघायची नाही. आपल्याला काय हवं, काय सोडून चालेल, काय मेलो तरी सोडायचं नाही, एवढं तिच्यात. कंपनीला साष्टी ठेवायची आहे, वसई परत द्यायला तिची हरकत नाही. नाना फडणवीसांना सवाई माधवरावांच्या पेशवाईला मान्यता हवी आणि राघोबाच्या पाठीवरचा कंपनीचा हात निघायला हवा. महादजींना यमुनेच्या पश्चिमेचा मुलूख परत पाहिजे, शिवाय १७८० मध्ये कंपनीच्या पॉपहॅमने रात्री शिड्या लावून आपला किल्ला घेतला ते दुखणं ताजं.

आवाजाचा बंदोबस्त असा की बोलायला बंदी. जे काय मागायचं ते खलिता लिहून. प्रत्येक रांगेचा एकच जासूद उठेल आणि खलिता पोचवून परत जागेवर येईल. ठोकलेले बाक इथे उलट सोयीचे पडतात. दोन तास लागतात, दुसऱ्याच्या शेवटी खरा तह फळ्यावर लिहून आपल्या तहाशी ताडून बघायचा. कंपनीची रांग बहुतेक वेळा वसईसुद्धा दाबून बसते, तो हावरटपणा वयाचा असावा.

राघोबाच्या रांगेला मात्र पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की आपल्याजवळ द्यायला काहीच नाही. एका वर्षी त्या रांगेतली एक मुलगी पेन्सिल आपटून म्हणाली, "हमसे तो कोई पूछ ही नहीं रहा, फिर हमें बिठाया क्यों?" शेवटी तिच्या पदरात पेन्शन पडली, खऱ्या राघोबाच्या पडली तशीच. त्याची त्या वेळची अवस्था मला याहून नेमकी सांगता आली नसती.

संस्कृतचं माझ्याकडे फार नाही, एकच सांगते. तीन मुलं पुढे बोलवा, गळ्यात पुठ्ठे: सिंहः, मृगम्, पश्यति. वर्गाने त्यांना हवं तसं पुढेमागे उभं करायचं. कितीही हलवा, सिंहच हरणाला बघतो. मग पुठ्ठे बदलायचे, सिंहम् आणि मृगः. माणसं जागच्या जागी, पण आता हरीण बघतंय. कर्ता शेपटावरून ओळखायचा हे विभक्तीचा तक्ता न उघडता समजतं. तक्ता नंतर पाठ करावाच लागतो, त्याला सुटका नाही.

चिंचोके_काका

सूनबाई, तुमचे सासरे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मास्तरीणबाईंची कसोटी मला पटते, पण पाढ्यांना ती लावू नका. पाढ्यांत विचार करायचा नसतो, तोंडातून आलं पाहिजे. तिथे बक्षिसाचा खेळही चालतो. पाढ्यांची हाउजी घ्या. मुलांनी तिकिटावर आपल्या मनाने १५ संख्या लिहायच्या, तुम्ही "सात आठे" म्हणायचं, ज्याच्याकडे ५६ असेल त्याने खोडायचं. उत्तर तुम्ही सांगायचं नाही. सगळे खेळतात आणि कान देऊन बसतात, कारण एक हुकलं की ओळ गेली. थोड्या दिवसांत मुलं तिकिटावर १३, १७, १९ लिहायचं आपणहून बंद करतात. का ते विचारा, मूळ संख्यांचा तास फुकटात होतो. अट एवढीच की तुमचे पाढे दहापर्यंतचे हवेत आणि एकाने गुणायचं नाही.

मी निवृत्त झालो, तेव्हा जुनं सांगतो. चल्लस-आठ, पटावर सोंगट्या चालवायचा खेळ. फाशांऐवजी चार चिंचोके घ्या, एक बाजू फरशीवर घासून पांढरी करा. आमच्या घरी चारही पांढरे पडले की चार घरं, चारही काळे पडले की आठ. एरवी जितके पांढरे तितकी घरं. आजीला विचारलं होतं, काहीच पांढरं नाही तर आठ कशाला? ती म्हणाली, पडतं का रोज? झालं, संभाव्यता संपली. एकूण प्रकार १६. त्यांत एक पांढरा ४ वेळा, दोन ६ वेळा, तीन ४ वेळा, चारही एकदा, एकही नाही एकदा. मुलांना आधी हे सांगू नका. जोडीजोडीने बाकावरच टाकू द्या आणि उभ्या रेघांनी नोंद करायला सांगा. सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर घेतली की डोंगरासारखा स्तंभालेख उभा राहतो. तो १६ च्या हिशेबाशी अगदी जुळत नाही, कारण चिंचोका हा काही नाणं नव्हे, घासलेली बाजू सपाट होते. का जुळलं नाही यावरच हुशार मुलं पुढचा तास खातात. खाऊ द्या.

लष्करची_सून

मास्तरीणताई, काका, तानसेन नगर, सगळ्यांचे आभार. काका, तुमची आजी सासऱ्यांना वाचून दाखवली. आता ते स्वतः चिंचोके घासत बसलेत.

सोमवारी व्हरांड्यात रेघ आखते. दोन शंका. तहाच्या खेळात जी मुलं लिहायला मागे आहेत, त्यांनी खलिते कसे लिहायचे? आणि प्लिकर्सची कार्डं महिनाभर तरी टिकावीत म्हणून लॅमिनेट करून घेऊ का? बाड्यावरच्या बाजारात स्वस्तात होतं.

मुरारची_मास्तरीण

त्यांना जासूद करा. जासुदाला खलिता पोचवायच्या आधी आपल्या रांगेत हळू आवाजात वाचून दाखवावा लागतो, आणि मजकूर पटला नाही तर तो परत लिहायला लावू शकतो. माझ्याकडे सगळ्यात कडक जासूद निघाला तो असाच एक, ज्याच्या वहीत कधी पूर्ण वाक्य नसायचं. हिंदी, मराठी, बुंदेली, काय येईल त्यात लिहू द्या. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका.

तानसेन_नगर

चकचकीत लॅमिनेशन नको. ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्यावर साधी छपाई करून घ्या. आणि मुलांना सांगा, कार्ड कडेला धरायचं. अंगठा नक्षीवर आला की त्या मुलाचं उत्तर गायब.