मदत हवी आहे: स्कॉटलंडमधली शिळावर्तुळं, तंबू आणि दोन बेटं

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस आम्ही चौघं स्कॉटलंडला जातोय, तेही मुख्यतः प्राचीन शिळावर्तुळं, म्हणजे उभ्या दगडांची वर्तुळं पाहायला. लुईस बेटावरचं कॅलनिश आणि ऑर्कनी बेटांवरचं रिंग ऑफ ब्रॉडगर एवढं पक्कं आहे. कॅलनिशच्या शिळा सुमारे ५००० वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या, इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या अजस्र दगडांच्याही आधी! ब्रॉडगरचं वर्तुळ तर १०४ मीटर व्यासाचं. पहाटेच्या तिरप्या उन्हात, आजूबाजूला कुणी नसताना तिथे उभं राहायचंय, म्हणून हॉटेलऐवजी तंबू.

२००३च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे तिथे मोकळ्या माळावर जबाबदारीनं तंबू ठोकता येतो, गाडीत झोपणं मात्र त्यात बसत नाही. पण शिळांच्या अगदी शेजारी मुक्काम करणं मला पटत नाही. चालत जाता येईल अशी एखादी साधी कॅम्पसाइट कुणी वापरली आहे का?

खरी काळजी वाऱ्याची आहे. दोन्ही बेटांवर आडोसा देणारी झाडं फारशी नाहीत. आमचा तंबू उंच, घुमटाकार आहे. तो टिकेल, की बुटका बोगद्यासारखा घ्यावा? मिजेस, म्हणजे ती चावरी चिलटं, मे अखेरीस कितपत त्रास देतात?

अलापूलहून स्टॉर्नोवे (लुईस) आणि स्क्रॅबस्टरहून स्ट्रॉमनेस (ऑर्कनी), अशा दोन्ही फेरीबोटी आठवड्यात जमतील का? की एकच बेट निवांत पाहावं? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.