शब्दचर्चा : पाणथळ, फुगवटा, सामाईक

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरवर लेख लिहिते आहे. कागदोपत्री ‘पाणथळ’, पाटबंधारेवाल्यांच्या तोंडी ‘फुगवटा’, गावात ‘धरण’ नाहीतर नुसतं ‘अभयारण्य’. नेमका शब्द कोणता? ‘सामाईक पाणथळ’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर : पाणी एकच आहे, पण प्रत्येक शब्दामागे हक्क सांगणारा वेगळा उभा आहे. गोदावरी-कादवेच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला तो शेतीच्या पाण्यासाठी. म्हणून ‘फुगवटा’, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी. मागे गाळ साठत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पानकणीस माजलं, पाखरं उतरू लागली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून नाव जाहीर झालं. तेव्हापासून ‘पाणथळ’ वर्तमानपत्रात रुळला. अभयारण्य सुमारे १०० चौरस किलोमीटरचं, रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टरचं. त्यामुळे लेखात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका, सीमा बदलते.

‘दलदल’ मात्र टाळा. त्यात पाय रुतण्याची भीती आहे, आणि ज्याची भीती वाटते ते भराव टाकून बुजवावंसं वाटतं. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ही तसाच. लागवडीला निरुपयोगी, एवढंच तो सांगतो.

शब्दाचं वजन कायद्यात तर फारच जाणवतं. २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही पाणथळी येतात. पण खास सिंचनासाठी बांधलेली कामं वगळली आहेत. नांदूर मध्यमेश्वरला रामसर यादीचा आधार आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या इतर तलावांच्या काठी चक्रवाक उतरले तरी कागदावर ती पाणथळ ठरेलच असं नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

आता ‘सामाईक’. हा शब्द जरूर वापरा. ‘सार्वजनिक’ म्हटलं की ते सरकारचं होतं आणि गाव हात झटकतं. ‘समन्यायी’ नाशिक-मराठवाडा पाणीवाटपात इतका गाजलाय की त्याला आता वाटपाखेरीज दुसरा अर्थच उरलेला नाही. सामाईक विहिरीला मात्र पाळी असते, आणि गाळ काढायची वेळ आली की प्रत्येकाला उतरावं लागतं. हक्क आणि झीज दोन्ही सोसायची, हे त्या शब्दात मुरलेलं आहे.

प्रतिप्रश्न : पण विहिरीचे वाटेकरी ठरलेले असतात. इथे वाटेकरी कोण? ‘राखीव’ म्हटल्याशिवाय काही राखलं जात नाही, हा आपला अनुभव आहे.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. ‘राखीव’ काढून टाका असं मी म्हणत नाही. शिकारीला आणि अतिक्रमणाला तोच शब्द लागतो. पण एक पट्टा डोळ्यांसमोर आणा. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी ओसरतं आणि काठाचा काळा चिखल उघडा पडतो. बोटभर पाण्यात लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या पक्षी किडे टिपत फिरतो. अशाच ओलीवर धरणाकाठचा शेतकरी गाळपेर करतो, हरभरा नाहीतर जनावरांचा चारा. दोघांनाही तोच चिखल हवा, तोही त्याच महिन्यांत. नुसतं ‘राखीव’ लिहिलं की शेतकरी घुसखोर ठरतो, नुसतं ‘गाळपेर’ लिहिलं की शेकाट्या दिसतच नाही.

वाटेकऱ्यांचं म्हणाल तर भोई, काठचा शेतकरी, कालव्याखालचा कोपरगाव-वैजापूरचा बागायतदार, हे सगळे आलेच. आणि नाशिक शहर! शहराचं सांडपाणी गोदेतून खाली येतं, त्यावर पोसलेल्या पाणवेली सायखेडा-चांदोरीला पात्र झाकून टाकतात. आपण स्वतःला वाटेकरी समजत नाही, हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जाणारे पाहुणे समजतो. बंदी काठच्या गावांनी पाळायची आणि घाण वरून आपण सोडायची, याला संरक्षण म्हणायला माझी जीभ धजत नाही.

लेखात मी असं लिहीन : ‘नांदूर मध्यमेश्वर ही बंधाऱ्याच्या फुगवट्यातून तयार झालेली सामाईक पाणथळ आहे, तिचा काही भाग रामसर क्षेत्र असून भोवतालचं मोठं क्षेत्र अभयारण्य आहे.’ लांबलं तरी चालेल. पुढच्याच वाक्यात नाशिक शहराचं नाव येऊ द्या.