आईच्या मधुमेहाचे औषध बदलल्याने अल्झायमर थांबेल का?

टिळकनगर, इंदूर (प्रश्न):
माझी आई 71 वर्षांची असून अठरा वर्षांपासून तिला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिने आंबेडाळीत तीनदा मीठ घातले आणि आलेल्या बायकांना पुन्हापुन्हा कुंकू लावू लागली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात असल्याचे सांगितले. आता भाऊजी म्हणतात की सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचे औषध या आजारापासून वाचवते. खर्चाची ओढाताण मी सोसेन, परंतु त्यात तथ्य आहे का?

रामबाग, निवृत्त औषधशास्त्र शिक्षक:
ताई, भाऊजींची आशा निराधार नव्हती. मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळते, आणि सेमाग्लुटाइडच्या गटातील औषधे घेणाऱ्यांच्या जुन्या नोंदी पाहिल्या तेव्हा त्यांच्यात तो कमी दिसला होता. मात्र महागडे औषध ज्याला मिळते त्याची एरवीचीही देखभाल बहुधा बरी असते, त्यामुळे हे श्रेय औषधाचेच, असे नुसत्या नोंदींवरून ठरवता येत नाही. त्यासाठी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील, 55 ते 85 वयाच्या 3,808 जणांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. अर्ध्यांना सेमाग्लुटाइडची गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, अशी दोन वर्षे दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल आला. आजाराच्या काही जैविक खुणा सुधारल्या होत्या, पण स्मरणशक्तीची आणि रोजच्या व्यवहाराची घसरण मंदावली नाही. त्याआधी पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाची चाचणी 2018 मध्ये थांबवावी लागली आणि नाकातून दिलेल्या इन्सुलिननेही निराशाच केली. आजार दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी औषध दिले तर काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो संशोधकांनी सोडू नये असे मला मनापासून वाटते. तुमच्या आईंसाठी मात्र केवळ स्मृतीखातर हे औषध मागू नका. त्याने भूक आणि वजन दोन्ही घटतात, आणि उतारवयात ते झेपेलच असे नाही.

सुदामानगर:
मला काळजी वाटते ती ग्लिमेपिराइडची. माझ्या सासूबाई गोळी घेतल्याचे विसरून पुन्हा घेत असत. एका पहाटे त्या घामाने चिंब होऊन देवघरापाशी बसलेल्या सापडल्या. साखर 48 होती. शुद्धीवर होत्या म्हणून साखरेचे पाणी पाजता आले. साखर वारंवार अशी उतरणे मेंदूला बाधते, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची (एचबीए1सी) मर्यादा आठ टक्क्यांपर्यंत सैल केली. आता औषधाचा डबा माझ्या कपाटात असतो आणि गोळी दिली की मी दिनदर्शिकेवर खूण करते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही विसराळूपणा वाढतो, तेव्हा ती तपासणी जरूर करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर कानही दाखवा.

टिळकनगर, इंदूर:
आपले दोघांचेही मनापासून आभार. उत्तर वाचून आत्ताच आईचा डबा उघडला. सोमवारी आणलेल्या ग्लिमेपिराइडच्या पट्टीत सहा गोळ्या उरायला हव्या होत्या, तीनच निघाल्या. डबा माझ्या खोलीत आणून ठेवला आहे, आणि सकाळ होताच डॉक्टरांना फोन करते.