यंत्र माणसाच्या पुढे गेलं, हे ठरवायचं कशावरून?

पार्लेकर: रविवारी पार्ल्याच्या वाचनगटात अतिमानवी यंत्रबुद्धीवर चर्चा आहे. अमेरिकन संशोधक-लेखक रे कर्झ्वाईल सांगतात की २०४५च्या सुमारास यंत्रबुद्धी माणसाला फार मागे टाकेल. पण "पुढे गेलं" म्हणायला कसोटी कोणती? आणि मेंदूत चिप बसवण्याचं काम खरंच कुठवर आलंय?

घाटकोपर_पूर्व: गोचं उदाहरण घ्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी प्रतिस्पर्ध्याला वेढायचा पटावरचा खेळ. २०१६ला अल्फागो या प्रोग्रॅमने अव्वल खेळाडू ली सेडॉलला ४-१ हरवलं, आणि या खेळात माणूस संपला असं सगळ्यांनी धरलं. २०२३ला एका हौशी खेळाडूने कॅटागो या तशाच तगड्या प्रोग्रॅमला १५ पैकी १४ डावांत हरवलं. युक्ती अशी: आपला छोटा गट यंत्राला वेढू द्यायचा, मग त्या वेढ्यालाच बाहेरून सावकाश वेढत जायचं, आणि अधूनमधून दुसऱ्या कोपऱ्यात सोंगट्या टाकून लक्ष तिकडे वळवायचं. वेढा जवळजवळ आवळत आला तरी यंत्राला आपला गट सुरक्षितच वाटतो. नवशिक्यालाही तो धोका दिसला असता! ही युक्तीसुद्धा दुसऱ्या एका प्रोग्रॅमनेच शोधून दिली होती. म्हणून सरासरी गुण बघू नका. मुद्दाम फसवायला बसलेल्यासमोर यंत्र किती टिकतं ते बघा.

मुलुंड_मेल: कसोटी पटली, पण निष्कर्ष फार घाईचा आहे. प्रथिनाचा आकार प्रयोगशाळेत काढायला महिने, कधी वर्षं जातात. अल्फाफोल्ड या यंत्रबुद्धीच्या प्रोग्रॅमने २०२०मध्ये बऱ्याच प्रथिनांचा अंदाज प्रयोगाच्या तोडीचा दिला, २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटाही त्याच्या निर्मात्यांना मिळाला. गोमधलं भोक बुजवता येईल.

घाटकोपर_पूर्व: बुजवायचा प्रयत्न झालाय. तेच डाव शिकवून पुन्हा तयार केलेला कॅटागोही २०२४मध्ये नव्या हल्ल्यांनी हरला. अल्फाफोल्डचं काम मोठंच आहे, त्यात वाद नाही. पण तिथे यंत्राला चकवायला समोर कोणी बसलेलं नसतं.

वांद्रे_टर्मिनस: चिपबद्दल. न्यूरालिंक या कंपनीने जानेवारी २०२४ला पहिल्या माणसाच्या मेंदूत ६४ बारीक धाग्यांवर १०२४ इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत टिपणारी टोकं, बसवले. काही आठवड्यांत बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. संकेत वाचायची पद्धत बदलल्यावर मेंदूच्या संकेतांवर हलणारा संगणकाचा कर्सर पुन्हा नीट चालायला लागला. त्यापेक्षा कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या माणसाच्या आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, समजून घ्या. तिथे दशकांचा अनुभव आहे. आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या आतल्या ओळीतल्या साधारण ३,५०० केसपेशींचं काम १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, मग प्रत्येक इलेक्ट्रोडची किमान आणि सोसवेल अशी पातळी महिनोन्‌महिने जुळवत बसावं लागतं. ती चुकली की बोलणं कर्कश तरी लागतं, नाहीतर पुसट. शांत खोलीत बोलणं छान समजतं, दादरच्या फलाटावर मात्र अवघड जातं. वांद्र्याच्या ‘अली यावर जंग’ या वाचा-श्रवण संस्थेतल्या कोणाला तरी रविवारी बोलवा.