शून्य म्हणजे बेफिकिरी? गुगल ट्रेंड्स आणि त्वचेचा कर्करोग

वऱ्हाडी ठेचा (धागाकर्ता)

शोधयात्री यांनी काल आरोग्य विभागात गुगल ट्रेंड्सचा (गुगलवर कुठे काय किती शोधलं जातं ते दाखवणाऱ्या साधनाचा) एक आलेख डकवला आणि खाली निकालही देऊन टाकला: "स्किन कॅन्सर: ऑस्ट्रेलिया १००, महाराष्ट्र जवळपास ०. मराठी माणूस गुगललासुद्धा विचारत नाही. बेफिकीर आणि अडाणी समाज." तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

ट्रेंड्समधले १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत की शंभर टक्केही नव्हेत. एखाद्या ठिकाणी जेवढे शोध झाले त्यात या शोधाचा वाटा किती, एवढंच ते काढतात. तेही सगळ्या शोधांतून नाही, नमुन्यातून. मग सगळ्यात मोठ्या वाट्याला १०० म्हणायचं आणि बाकीचे त्या प्रमाणात खाली बसवायचे. शोध फारच थोडे असले तर सरळ ० छापतात. या शून्याचा अर्थ "मोजण्याजोगं हाती लागलं नाही" इतकाच. त्यावरून समाजाची अक्कल काढायला धाडस लागतं, ते तुमच्यात आहे हे मान्य.

शिवाय भागाकारात खाली काय आहे ते कोण बघणार? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. ज्या घरात नेट नव्हतं तिथली पोरं स्कोअर, गाणी आणि भरतीचे निकाल शोधायला लागली. एकूण शोध फुगले. अशा वेळी आजाराबद्दल विचारणारे दुप्पट झाले तरी त्यांचा वाटा घसरलेला दिसू शकतो. वर २०१६ आणि २०२२ च्या सुरुवातीला गुगलने माहिती गोळा करण्याची पद्धतच सुधारली. आलेखावर त्या जागी बारीक टीप असते. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ती नेमकी कापली गेली आहे.

आणि शोधलं काय, तर इंग्रजीतले दोन शब्द. मराठीत "तीळ" टाकून बघा, संक्रांतीला उसळी दिसेल. इंग्रजीत तिळाला "मोल" म्हणतात, ते टाका, केमिस्ट्रीतलं त्याच नावाचं एकक शोधणारी अकरावीची पोरं सापडतील. कर्करोगाची खूण असू शकणारा, अंगावरचा वाढणारा तीळ या दोन्हींत कुठे शोधायचा ते शोधयात्रींनी सांगावं.

शोधयात्री

वा! अख्खं कीर्तन झालं, फक्त हरिपाठ राहिला. ट्रेंड्स काय मोजतं ते मला माहीत आहे. प्रश्न इतकाच की दुसरं काय आहे तुमच्याकडे? महाराष्ट्रात किती लोकांना त्वचेचा कर्करोग हे नाव तरी ठाऊक आहे याचं दर महिन्याचं सर्वेक्षण कोण करतं? पैसे कोण देतं? आलेख फुकट आहे आणि आज आहे.

तो निरुपयोगीही नाही. अमेरिकेत केंटकीतल्या एका नर्सने २०१५ मध्ये त्वचेच्या कर्करोगावरच्या उपचाराने सोललेल्या, खपल्या धरलेल्या चेहऱ्याचा सेल्फी फेसबुकवर टाकला. तो हजारोंनी पुढे पाठवला आणि त्या दिवसांत गुगलवर स्किन कॅन्सरचे शोध एकदम चढले. संशोधकांनी यावर निबंध लिहिला. सरकारी पोस्टरने जे झालं नसतं ते एका फोटोने केलं, आणि हे कळलं कशावरून? याच "फालतू" आलेखावरून. अमेरिकेत दर उन्हाळ्यात हे शोध वाढतात, म्हणजे मोहीम कधी काढायची तेही कळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात लोक काय शोधतात? टॅन कसा घालवायचा! बेफिकीर म्हटलं तर झोंबतं.

पेन्शनर दादर

तुम्ही दोघं भांडा, पण एक लक्षात घ्या, हे सगळं आपल्या खिशातून चोरलेलं आहे. मी पायाच्या अंगठ्याच्या काळ्या नखाबद्दल एकदा विचारलं, त्या दिवसापासून पेपर उघडला तरी बुरशीच्या औषधाची जाहिरात, भजन लावलं तरी तीच. नातसुनेच्या मोबाइलवरही तीच. याला संशोधन म्हणतात? आमच्या वेळी जनगणनेला मास्तर दारात येऊन विचारायचा आणि आपण खोटं सांगायचो. त्यात निदान सभ्यता होती.

त्वचावैद्य, सोलापूर

धागा वाचून राहवलं नाही. पश्चिमेतला आजार आणि आपला आजार यांत फरक आहे, तो दोघांच्याही लिखाणात नाही.

गोऱ्या कातडीला ऊन मारतं, म्हणून त्यांचे शोध उन्हाच्या मागे धावतात. आपल्याला मेलॅनिनचं, म्हणजे कातडीतल्या काळ्या रंगद्रव्याचं, बरंच संरक्षण आहे, म्हणून हा कर्करोग एकूण कमी. पण जो होतो तो भलत्या जागी होतो: तळपायाला, तळहाताला, नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला तो पायाच्या बोटाच्या नखाखालच्या मेलॅनोमाने, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाने. उन्हाचा तिथे काय संबंध? काश्मीरमध्ये कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, पोटाशी धरून बसण्याने मांड्यांवर आणि पोटावर होतो. बंगालमध्ये आर्सेनिकच्या पाण्याने. जुन्या भाजल्याच्या व्रणात होतो, कुष्ठरोगाच्या तळपायाच्या जखमेतही होऊ शकतो. यातला कोणता रुग्ण "स्किन कॅन्सर" टाइप करणार आहे? तो "न भरणारी जखम" म्हणतो, तेही गुगलला नाही, मेडिकलवाल्याला.

आणि मेडिकलवाला काय देतो? स्टिरॉइडचं मलम! २०१८ मध्ये सरकारने ही मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानात जाऊन बघा काय चालतं ते. खाज, गजकर्ण, वांग, गोरं व्हायचंय, सगळ्याला एकच ट्यूब. चेहरा पातळ कागदासारखा करून पोरी येतात आणि विचारतात, बंद केलं की लाल का होतं. यावर कोणी धागा काढत नाही.

कृष्णाकाठ

डॉक्टरांशी सहमत. माझ्या आत्याला कमरेवर जिथे नाडी बसते तिथे काळा पट्टा होता, लहानपणापासून बघतोय. मग त्यात चीर पडली. हळद आणि खोबरेल तेल लावायची. दोन वर्षं भरली नाही. आजार आहे असं तिला वाटलंच नाही, तर ती शोधणार काय? माझ्या भावाने पहिल्यांदा मोबाइलवर बघितलं ते बायॉप्सीचा कागद हातात आल्यावर. तुमच्या आलेखात दिसला तर भाऊ दिसेल, आत्या दिसणार नाही.

चकलीचा सोऱ्या

हा तो साडी कॅन्सर! मागे व्हॉट्सअॅपवर खूप फिरला होता. म्हणून म्हणतो, संस्कृतीच्या नावाखाली बायकांनी पाच-सहा वारी गुंडाळणं बंद करावं. सलवार-कमीज घाला, प्रश्न मिटला.

कृष्णाकाठ

सलवारीला नाडी नसते असं तुम्हाला कोणी सांगितलं? घरात कधी कपडे वाळत घातलेत का?

त्वचावैद्य, सोलापूर

ज्यावरून ते मेसेज फिरले तो २०२४ चा बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकातला लेख. वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी लिहिलेला, दोन रुग्णांचा. मथळे आले "पेटीकोट कॅन्सर" म्हणून. त्यातली दुसरी बाई लुगडं नेसणारी, परकर नाहीच, लुगडंच कमरेला आवळून बांधायची. कापडाचं नाव गौण आहे. एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट दाब आणि घर्षण, त्याने कातडी पातळ होते, जखम होते, रोज पुन्हा उकलते आणि क्वचित तिचा कर्करोग होतो. क्वचित म्हणतोय, उगाच घाबरू नका. नाडी सैल ठेवा, रुंद पट्टा लावा, जागा बदलत राहा.

चकलीचा सोऱ्या

म्हणजे मी म्हणालो तेच की. साडी सोडा.

कृष्णाकाठ

अहो, धोतर कॅन्सर हे नाव ऐकलंय का? मुंबईतल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच कमरेच्या या कर्करोगाबद्दल सहकाऱ्याबरोबर लिहून ठेवलंय. तेव्हा कोणी पुरुषांना धोतर सोडा म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही. बाईला झाला की कपडे बदला, संस्कृती बदला, पुरुषाला झाला की वैद्यकीय निरीक्षण. आत्याला सगळे नातेवाईक हेच म्हणाले, "एवढं घट्ट बांधायचं कशाला?" शेतात वाकून काम करताना लुगडं सुटलं असतं तर हेच काय बोलले असते?

चकलीचा सोऱ्या

कुठला विषय कुठे नेताय. मी आरोग्याबद्दल बोलत होतो. इथे काही लिहिलं की लगेच स्त्री-पुरुष.

ब्रिस्बेनकर

शोधयात्रींच्या १०० मधला एक आकडा मी असणार, म्हणून लिहितो. इथे ऑस्ट्रेलियात माझी मुलगी शाळेत गेली त्या आठवड्यात नियम कळला: टोपी नाही तर मैदानात खेळणं नाही. १९८१ च्या "स्लिप, स्लॉप, स्लॅप" (शर्ट चढवा, सनस्क्रीन फासा, टोपी घाला) जाहिरातीपासून हे लोक याच मागे आहेत. सत्तरीपर्यंत दर तिघांतल्या किमान दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग होतो असं इथली कॅन्सर कौन्सिल सांगते. इथला माणूस गुगल करतो तो जागरूक म्हणून नाही, शेजाऱ्याच्या नाकावर पट्टी दिसते म्हणून. इथला नट ह्यू जॅकमन, त्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये तसाच पट्टीवाला फोटो टाकला होता, त्याआधी त्याने काय टाइप केलं असेल देव जाणे.

गंमत म्हणजे मी स्वतः इथे पहिली काही वर्षं तपासणीच केली नाही. आपण सावळे, आपल्याला काय होतंय. डॉक्टरने पाठ बघितली, तळपाय बघितलेच नाहीत. मी सांगितल्यावर बघितले. मोहीम गोऱ्यांसाठी बनवलेली, तिचा आलेखही त्यांचाच.

वऱ्हाडी ठेचा

ब्रिस्बेनकरांनी माझं काम केलं. आता शोधयात्रींच्या "फुकट आहे आणि आज आहे" बद्दल. हाच मोह खुद्द गुगलला झाला होता. २००८ मध्ये शोधांवरून फ्लूचे रुग्ण मोजणारं फ्लू ट्रेंड्स सुरू केलं, २००९ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात निबंध, टाळ्या. त्याच वर्षी स्वाइन फ्लूची पहिली लाट आली आणि यांना ती नीट दिसलीच नाही. २०१२-१३ च्या हंगामात सरकारी आकड्यांच्या जवळपास दुप्पट ताप दाखवला. २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. लोक ताप आला म्हणून शोधतात, तसेच टीव्हीवर बातमी लागली म्हणूनही शोधतात. तुमची केंटकीची नर्स याचाच पुरावा आहे: त्या आठवड्यात कर्करोग वाढला नव्हता, फोटो फिरला होता.

शोधयात्री

मी कर्करोग वाढला असं म्हटलंच नव्हतं! लोकांचं लक्ष म्हटलं होतं. लक्ष मोजायला लक्षच मोजणार ना? फ्लूवाल्यांनी शोधांवरून रुग्ण मोजले म्हणून ते तोंडावर पडले. मी रुग्ण मोजतच नाहीये.

वऱ्हाडी ठेचा

हे बरोबर आहे. फक्त लक्षावरून "अडाणी" पर्यंतची उडी कोणत्या आलेखात होती?

शोधयात्री

ठीक आहे, "अडाणी" काढतो. पुण्यवान समाज असं लिहितो, चालेल? बेफिकीर मात्र राहील. कृष्णाकाठ यांच्या आत्याबाईंना दोन वर्षांत एकाही घरच्याने डॉक्टरकडे नेलं नाही, त्याला मी दुसरं काय म्हणू?

कृष्णाकाठ

नेलं होतं. तालुक्याच्या गावी. तिथे मलम दिलं. कोणतं ते सोलापूरच्या डॉक्टरांना विचारा.

त्वचावैद्य, सोलापूर

विचारायची गरज नाही.

पेन्शनर काका, तुमच्या नखाचं सगळे विसरले. मार लागल्याचं आठवतंय का? डाग नखाबरोबर पुढे सरकतोय, की आहे तिथेच रुंद होतोय? नखाच्या मुळाशी कातडीवर काळेपणा उतरलाय का? इथे उत्तर देऊ नका, फोटोही टाकू नका. या आठवड्यात जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा. बुरशीचं औषध लावत असाल तर तेही सांगा.

पेन्शनर दादर

लावतोय. जाहिरातीतलंच घेतलं, सारखं दिसायचं म्हणून. सोमवारी जातो. नातसून नंबर लावते म्हणाली.

शोधयात्री

वऱ्हाडी, हा एक शोध तरी तुमच्या नमुन्यात पकडा.

वऱ्हाडी ठेचा

पकडला. बुरशीच्या खात्यात जमा आहे. तुम्ही शोधलेल्या दोन शब्दांत तो येतच नाही.

चकलीचा सोऱ्या

सगळं वाचलं. मग शेवटी ठरलं काय, नाडी की इलॅस्टिक?

कृष्णाकाठ

तुमच्यासाठी धोतर.