भावाच्या अपघाताची तडजोड : साडेसहा लाख घ्यावेत की नाकारावेत?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. लांबडं आहे, पण जरा घाईचं आहे म्हणून इथे विचारते.

माझा धाकटा भाऊ फरशी-टाइल्स बसवायचं काम करतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पेठ नाक्याजवळ हायवेवर एका मालवाहू टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. उजव्या गुडघ्याखालचं हाड सांध्यापर्यंत फुटलं. मिरजेला एका खाजगी दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली, आत दोन प्लेटा आहेत. बिल 3,80,000. त्यातले 2,50,000 मेडिक्लेमने दिले. बाकीचे पतसंस्थेचं कर्ज काढून आणि वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवून भागवले.

दावा सांगलीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात वेळेत दाखल केलाय. सिव्हिलचा अपंगत्वाचा दाखला 22 टक्क्यांचा आहे. आता टेम्पोच्या विमा कंपनीने येत्या लोक अदालतीसाठी सगळं धरून ठोक 6,50,000 देऊ केलेत. आमचे वकील म्हणतात, "घ्या, पुढे तारखाच तारखा." भाऊ म्हणतो घेऊन टाकू, डोक्यावरचं कर्ज तरी जाईल. मला हा आकडा कमी वाटतोय, पण कमी म्हणायचं तर कशावरून, तेच कळत नाही.

अपघाताच्या वेळी त्याचं वय 34. महिना 18-20 हजार सुटायचे, पण कागदावर काही नाही. आणि मुख्य म्हणजे नाही म्हटलं तर केस बुडते का?

शेंगदाणा_चटणी

घेऊन टाका. आमच्या काकांनी पाच लाखांची तडजोड नाकारली होती. निकाल लागला सहाव्या वर्षी, अकरा लाखांचा. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मग कंपनी गेली हायकोर्टात. काही रक्कम मिळाली, बाकीची अडकून पडली. तोवर काकांनी टेलरिंगचं दुकान विकलं होतं. आकडा मोठा होता, पण माणसाला गरज होती तेव्हा तो नव्हता.

काळा_कोट_खुंटीला

मी पूर्वी हेच दावे चालवायचो, आता शेती बघतो. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : केस बुडत नाही. लोक अदालतीत जमलं नाही तर प्रकरण जसंच्या तसं न्यायाधिकरणाकडे परत येतं. बुडायची भीती उलट बाजूला आहे. तडजोडीच्या पुरसीसवर (म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) एकदा सही झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. दोन वर्षांनी गुडघा बदलायची वेळ आली तरी कंपनीचं दार बंद.

आता आकडा. कंपनीने तो कशातून काढला हे विचारलंत का? त्यांच्याकडे हिशोबाचा कागद असतो. बहुतेक असं असेल : उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना 12,000 धरले. वर्षाचे 1,44,000. वय 34 म्हणजे गुणक 16, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला 16 ने गुणायचं (सरला वर्मा निकालातला वयानुसार तक्ता, 2009). झाले 23,04,000. त्याचे 22 टक्के म्हणजे 5,06,880. त्यात मेडिक्लेम वगळून दवाखान्याचे 1,30,000 मिळवा. 6,36,880. वर तेरा हजार एकशे वीस ठेवून आकडा गोल केला.

म्हणजे दोन ऑपरेशनं, घरी बसलेले महिने आणि जन्मभराची कळ, सगळ्याचे मिळून तेरा हजार. बरोबर ओळखलं का सांगा, मग पुढचं लिहितो.

कृष्णाकाठची

काका, आत्ताच वकिलांच्या कारकुनाकडून कागदाचा फोटो मागवला. 12,000 च धरलेत, मेडिक्लेमचे पैसे वजा केलेत, आणि "वेदना व इतर" समोर 13,120. अंगावर काटा आला.

काळा_कोट_खुंटीला

मग ऐका. या कागदात तीन जागी कात्री लागलीय.

एक, मेडिक्लेम. तुमच्या भावाने हप्ते भरले म्हणून ते पैसे मिळाले, त्यात टेम्पोवाल्याच्या कंपनीचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये हेच सांगितलं : मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. म्हणजे पूर्ण 3,80,000 धरायचे.

दोन, भविष्यातली वाढ. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला माणूस असेल तर उत्पन्नात 40 टक्के वाढवायचे. हे फक्त मृत्यूच्या दाव्यांना, असं कंपन्या सांगत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात जखमींनाही ते लागू असल्याचं स्पष्ट केलंय.

तीन, आणि इथेच खरी गोम आहे : ते 22 टक्के. डॉक्टरचा दाखला शरीराचं सांगतो, पोटापाण्याचं नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (2011) हा निकाल नेमका यावर आहे. दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतली घट एकच नव्हे. तोच गुडघा बँकेतल्या कारकुनाचा असता तर कमाईत शून्य फरक पडला असता. फरशीवाल्याचं काय? तो दिवसभर बसतो कसा?

कृष्णाकाठची

उकिडवाच बसतो की. नाहीतर गुडघ्यावर. आता गुडघा नव्वदच्या पुढे वाकत नाही, त्यामुळे खाली बसणं जवळपास बंदच. सध्या एका ठेकेदाराकडे मापं घेणं, माल मोजणं, कामगारांवर लक्ष ठेवणं, असं करतो. रोज 350, तेही बोलावलं त्या दिवशी.

हाडवैरीण

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे राहवलं नाही. गुडघ्याची रेंज, म्हणजे वाकणं, आता किती वाढेल? अपघाताला इतका काळ लोटलाय, म्हणजे फारशी नाही. पण दुसरी गोष्ट महत्त्वाची. फ्रॅक्चर सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलं असेल तर पुढे त्या गुडघ्याची झीज लवकर होण्याची शक्यता बरीच असते. प्लेटा टोचायला लागल्या तर त्या काढायचं ऑपरेशन वेगळं. ऑर्थोकडून दोन ओळी लिहून घ्या : पुढे कोणती शस्त्रक्रिया लागू शकते आणि आजच्या दराने खर्च किती. तोंडी सांगतात सगळे, लेटरहेडवर लिहायला टाळतात. चिकाटीने बसा.

आणि दाखल्यात "उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही" हे शब्द आहेत का बघा. नुसता टक्का असेल तर त्याचा अर्थ कोण कसा लावेल सांगता येत नाही.

बत्तीस_शिराळा

मध्येच विचारतो, माफ करा. मावशीला रिक्षाने उडवलं त्याला साडेचार महिने झाले. अजून दावा टाकला नाही. चालतं का?

काळा_कोट_खुंटीला

@बत्तीस_शिराळा, आजच वकील गाठा. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर मावशीला बसवू नका. मावशी राहते तिथेही दावा लावता येतो, अपघाताच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

@कृष्णाकाठची, आता आपला हिशोब. हात आखडून करतो, म्हणजे स्वप्नं पडायला नकोत. कोर्ट 20,000 मानणार नाही, 15,000 धरू. 40 टक्के वाढवून 21,000. वर्षाचे 2,52,000, गुणिले 16, झाले 40,32,000. दाखल्यातलेच 22 टक्के धरले तरी 8,87,040. दवाखाना 3,80,000. आठ महिने घरी बसला असेल तर 1,20,000. बेरीज 13,87,040. यात वेदनांचे, पुढच्या ऑपरेशनचे, व्याजाचे पैसे नाहीत. आणि न्यायाधीशांनी कमाईतली घट 35 टक्के मानली तर एकट्या त्या रकान्यात 14,11,200 होतात.

टीपी_डेस्क

कंपनीच्या बाजूने थर्ड पार्टी दाव्यांवर बरीच वर्षं काढलीत, तेव्हा पलीकडचंही ऐका. कोटवाल्या साहेबांचं गणित बरोबर आहे, पण ते सगळं सिद्ध झालं तर. भावाची चूक किती, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. हायवेला दुभाजकाच्या गॅपमधून वळत होता का? लायसन होतं का? सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात भावाचीही चूक, 25 टक्के धरला तर साहेबांचे 13,87,040 येतात 10,40,280 वर. 50 टक्के धरला तर कंपनीचा आकडा वाईट नाही.

दुसरं, पहिला आकडा हा कधीच शेवटचा नसतो. लोक अदालतीत बसणाऱ्या अधिकाऱ्याला एका मर्यादेपर्यंत अधिकार असतो, त्यापुढे तो वरून मंजुरी आणतो. ती मंजुरी एका दिवसात येत नाही. म्हणून तुमचा प्रतिप्रस्ताव लोक अदालतीच्या दिवशी तोंडी नको, दोन आठवडे आधी लेखी, हिशोबासकट द्या. फाइलवर कागद असला की आम्हालाही वरच्यांना सांगायला तोंड असतं. "गरीब आहे हो, वाढवा" याने पाच-दहा हजार वाढतात, बस.

कृष्णाकाठची

लायसन होतं. फिर्याद टेम्पो ड्रायव्हरवर आहे, दोषारोपपत्रही दाखल झालंय. पंचनाम्यात मोटारसायकल रस्त्याच्या डाव्या कडेला पडलेली आणि टेम्पोच्या ब्रेकच्या खुणा लांबवर, असं आहे. गॅपचा काही उल्लेख नाही. हेल्मेट मात्र नव्हतं.

टीपी_डेस्क

हेल्मेटचा आणि गुडघ्याचा संबंध नाही, तो मुद्दा टिकायचा नाही. पंचनामा असा असेल तर माझा 50 टक्क्यांचा मुद्दा मागे घेतो. मी अजून त्या खुर्चीत असतो तर या फाइलला दहाच्या पुढची मंजुरी मागितली असती.

शेंगदाणा_चटणी

सगळं खरं असेल. पण कर्जाचं काय? निवाड्यावर व्याज सहा-नऊ टक्के, तेही सरळ. पतसंस्था किती घेते? तेरा-चौदा? म्हणजे केस जिंकता जिंकता माणूस व्याजात मरतो. माझ्या काकांचं हेच झालं.

काळा_कोट_खुंटीला

@शेंगदाणा_चटणी, हा मुद्दा लाखमोलाचा आहे आणि आम्ही वकील तो कधीच विचारात घेत नाही. म्हणूनच मी "नाकारा आणि निकालापर्यंत लढा" म्हणत नाहीये. 6,50,000 नाकारा, तडजोड नाकारू नका. 13-14 मागा. माझ्या मते 11 च्या आसपास हातात मिळत असतील तर घ्यावेत. 18 लाखांचा निकाल पाच वर्षांनी, वर हायकोर्ट, त्यापेक्षा ते बरे. त्याच्या खाली देत असतील तर न्यायाधिकरणात पुरावा सुरू करावा. आणि तोवर पतसंस्थेचं कर्ज बँकेच्या सोनेतारणात बदलता येतंय का पाहा, व्याज उतरेल.

उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणता, पण असतो. ठेकेदाराची हजेरीची वही, गूगल पेवर आलेले पैसे, टाइल्सच्या दुकानदाराकडची उधारीची पानं. ठेकेदार साक्षीला आला तर उत्तम. आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष हवीच, नाहीतर तो कागदच राहतो.

हाडवैरीण

एक खाजगी प्रश्न, उत्तर नाही दिलंत तरी चालेल. वकिलांची फी कशी ठरलीय?

कृष्णाकाठची

मिळेल त्याचे 20 टक्के.

काळा_कोट_खुंटीला

हे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. निकालातल्या रकमेवर टक्का घेता येत नाही, तरी राजरोस चालतं. भांडू नका, पण "घ्या, पुढे तारखाच तारखा" हा सल्ला ऐकताना एवढं लक्षात ठेवा की आज सही झाली तर त्यांना 1,30,000 आजच मिळतात. तो आकडा ओळखीचा वाटतोय ना?

कृष्णाकाठची

(पाच आठवड्यांनी) उशिरा लिहितेय. ऑर्थोंनी तीन फेऱ्यांनंतर पत्र दिलं, प्लेटा काढायचा अंदाजही लिहिलाय. वकिलांना काकांच्या पद्धतीने हिशोब करून दाखवला. आधी ते चिडले, मग त्यांनीच टाइप करून 13,80,000 चा प्रतिप्रस्ताव कंपनीला पाठवला.

लोक अदालतीत अधिकाऱ्याने 8,00,000 पासून सुरुवात केली. भाऊ इतका वेळ गप्प होता. अधिकारी म्हणाले, "सुपरवायझरचं काम मिळालंय ना, मग नुकसान कसलं?" तेव्हा तो म्हणाला, "साहेब, सुपरवायझर नाही. मी दोरी धरतो, फरशी दुसरा लावतो." ते 9,40,000 वर आले आणि तिथेच थांबले. आम्ही सही केली नाही. त्यांनी वरून विचारून सांगतो म्हटलंय, तोवर पुढची तारीख पुराव्याची लागलीय.

ठेकेदार साक्षीला तयार आहे. फक्त म्हणाला, समन्स काढा, म्हणजे साइटवरच्या मालकाला दाखवता येईल. समन्सचा खर्च कोण भरतं, आपण की कोर्ट?

काळा_कोट_खुंटीला

अर्ज आपण द्यायचा आणि साक्षीदाराचा भत्ताही आपणच भरायचा, फार नसतो. वहीची मूळ प्रत घेऊन यायला सांगा, झेरॉक्स नको.