मदत हवी आहे : लष्करी खूनपटातली चूक की आमचाच गैरसमज?

साताऱ्यात आमचा छोटा गट महिन्याला एक सिनेमा दाखवतो. यावेळी कमी बजेटचा लष्करी खूनपट होता. निर्माते ओळखीतले, म्हणून नाव देत नाही. कॉलेजच्या पोरांना रहस्य आवडलं, पण अपशिंग्याहून आलेले निवृत्त जवान हसत होते. बोडक्या डोक्यानं सॅल्यूट, चुकीच्या फिती वगैरे. ते बजेटवर ढकलता येईल. खरा वाद कथेवर झाला.

छावणीत कॅन्टीनचा ठेकेदार, म्हणजे नागरिक, मारला जातो. संशयित हवालदार. एक कॅप्टन एकट्यानं तपास करतो, पोलीस कुठेच नाहीत, आणि शेवटी थेट कोर्ट मार्शल!

आर्मी अॅक्ट १९५० चं कलम ७० वाचलं. नागरिकाच्या खुनाचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालत नाही. सक्रिय सेवा (म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर), भारताबाहेर किंवा अधिसूचित सीमाचौकी असेल तरच चालतो. सिनेमात छावणी कुठे आहे ते सांगितलेलंच नाही. एक सुभेदारसाहेब म्हणतात चूक, दुसरे म्हणतात सीमेवरची समजा. ओळखीच्या वकिलांनी हात वर केले.

पुढच्या रविवारी चर्चा मलाच घ्यायची आहे. दुसरे सिनेमे सुचवू नका, गणवेशाच्या चुकाही नकोत. सैन्यात किंवा मिलिटरी पोलिसांत काम केलेल्यांनी एवढंच सांगा: शांततेच्या ठाण्यावर (पीस स्टेशन, म्हणजे मोहीम नसलेल्या भागातली छावणी) असा खून झाला तर प्रेताचा पंचनामा आणि तपास स्थानिक पोलीस करतात, की आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्कराची स्वतःची चौकशी) बसते? आणि दोन्ही एकाच वेळी चालतात का?